आतून कडी असलेली खोली

नरहरी मास्तरांना चिडायला कारण लागत नाही, असं कासार आंबोलीत कुणीही सांगेल. हे साफ खोटं आहे. कारण नेहमी असतं; फक्त ज्याच्यावर ते चिडतात त्याला ते ठाऊक नसतं. आता पौड रस्त्यावरच्या चहावाल्यानं कप पुढे केला आणि मास्तर त्याच्यावर खेकसले, तर त्या बिचाऱ्याला कुठून कळावं की हा माणूस आत्ताच अकराव्या घरमालकाच्या ओट्यावरून नकार घेऊन उठलाय?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. मोठ्या जेलात कैद्यांसाठी सुतारकामाचा कारखाना असतो, तिथं ते सव्वीस वर्षं शिकवायला होते. बाक, टेबलं, कचेऱ्यांची कपाटं, साहेबांच्या खुर्च्या. चोरी करून आलेल्याला रंधा धरायला शिकवायचं, खून करून आलेल्याच्या हातात धारदार पटाशी द्यायची आणि संध्याकाळी ती मोजून परत घ्यायची. मोजण्याला फार महत्त्व. प्रत्येक हत्यारावर लाल रंगानं नंबर घातलेला. सकाळी देताना मोजायचं, संध्याकाळी घेताना मोजायचं, आणि एक जरी कमी भरलं तरी दार बंद. ते सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, झडती झाल्याशिवाय कुणी बराकीत जायचं नाही. सव्वीस वर्षांत आपलं एकही हत्यार हरवलं नाही, हे मास्तर आजही छाती फुगवून सांगतात.

माणसं किती हरवली हे मात्र त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं. त्यांची आपली भाबडी समजूत, की आपण शिकवलेला गडी सुटला की बाहेर जाऊन दारं-खिडक्या करत असणार, बायकापोरांत रमला असणार. प्रत्यक्षात कुणी मंडईत पाट्या वाहताना भेटला, कुणी सिग्नलला हात पसरताना, आणि बरेचसे परत आत गेल्याचंच कानावर आलं. काम मागायला गेलं की लोक विचारतात, आधी कुठं होतास? खरं सांगितलं तर काम तिथंच जातं, खोटं सांगितलं तर चार महिन्यांनी जातं. मास्तरांचं डोकं फिरलं. पेन्शन घेऊन गप्प बसायचं सोडून त्यांनी घराला लागून असलेल्या वावरात पत्र्याची शेड ठोकली आणि सुटून आलेल्यांसाठी वर्कशॉप काढलं.

गावानं त्यांना वेड्यात काढलं. आलेल्यांतला एक जण रंध्याचं मशीन विकून पळाला, एक दारूपायी परत आत गेला, दोघं चाकणला नोकरीला लागले ते साधा फोनसुद्धा करत नाहीत. "फोन करत न्हाईत म्हंजे त्यांचं बरं चाललंय," असं मास्तरांच्या पत्नी, नलिनीबाई म्हणायच्या. मास्तरांना तेही पटायचं नाही.

आणि मग बहिरू आला.

बहिरू मूळचा महाळुंग्याचा, चांगल्या शेतकरी घरचा. तिकडं जमिनींचे भाव आभाळाला भिडले तशी घराघरांत सातबाऱ्यावरून जुंपली. बहिरूच्याही घरात जुंपली. झोंबाझोंबीत त्यानं हातातलं फावडं मारलं आणि चुलतभाऊ जागच्या जागी गेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. सुटून तो घरी गेला तर घर नव्हतं. घरात कुणी नव्हतं असं नव्हे, घरच नव्हतं. गोठा आणि पडवी होती तिथं बावीस मजली इमारत उभी, आणि गेटवरचा वॉचमन विचारतोय, "किससे मिलना है?" भाऊ जमीन विकून कुठं गेले ते कुणी सांगेना, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं. त्यानंतर दीड वर्ष तो बालेवाडीच्या पुलाखाली झोपत होता. मास्तर प्लायवूड आणायला तिकडं गेले तेव्हा त्यानंच हाक मारली. मास्तरांनी चेहरा ओळखला नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा पटाशीचा व्रण पाहिला तेव्हा ओळखलं आणि तिथंच, भर रस्त्यात, त्याच्यावर ओरडले, की इतके दिवस आला का नाहीस म्हणून.

आठ महिन्यांत बहिरू वर्कशॉपचा कणा झाला. फुगलेलं दार तो नुसत्या हातानं चाचपून कुठं किती रंधायचं ते सांगायचा. बोलणं कमी. हवं-नको काही नाही. त्याला हवी होती ती एकच गोष्ट, आणि तीही मास्तरांनी फार खोदून विचारल्यावर त्यानं एकदाच सांगितली.

"आतून कडी लावता यील आशी खोली, मास्तर. दुसरं काय न्हाई."

मास्तरांच्या काळजाला हे भिडलं. बराकीला कडी बाहेरून असते, पुलाखाली कडीच नसते. वर्कशॉपात तो झोपायचा खरा, पण तिथं शटर होतं. हत्यारांच्या काळजीपोटी मास्तर ते रोज संध्याकाळी बाहेरून ओढून कुलूप लावत आणि सकाळी सहाला उघडत. आत मोरी होती, पंखा होता, माठ भरलेला असायचा. त्यामुळे यात काही वावगं असेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

बहिरूला खोली मिळवून द्यायचीच, असं मास्तरांनी मनावर घेतलं आणि तिथून त्यांच्या वैतागाला ऊत आला. घरमालक म्हणे, आधार कार्ड आणा. आधार कार्डावर पत्ता महाळुंग्याच्या घराचा, जे घर आता जगात नाही. पत्ता बदलायला गेले तर म्हणे, भाड्याचा करार आणा. करार करायला गेले तर म्हणे, पोलीस पडताळणी आणा. पडताळणीत काय निघणार हे मास्तरांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक? ते तरीही फिरत राहिले. पिरंगुट, भुकूम, लवळे, पौड. एका घरमालकानं तर आधी पाणी दिलं, चहा दिला, खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, आणि 'जेल' हा शब्द ऐकल्यावर नळ बंद करून म्हणाला, "खोली भाच्याला द्यायचीय, इसरलोच बघा." मास्तर त्याला म्हणाले, "मग त्या भाच्यालाच चहा पाजायचा व्हता की!" आणि ताडकन उठून आले.

अशात साधनाबाई भेटल्या. कोथरूडच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. डोंगराच्या अंगाला 'गिरीछाया' नावाची चौदा बंगल्यांची वसाहत आहे, तिच्या त्या सेक्रेटरी. दर पावसाळ्यात तिथली दारं फुगायची, खिडक्या अडकायच्या, आणि दर वेळी पुण्याहून सुतार बोलावेपर्यंत आठवडा जायचा. त्यांना तिथंच राहणारा सुतार हवा होता. राहायला त्यांच्या बंगल्यामागची खोली. मास्तरांनी सगळं खरं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "शिक्षा भोगून झालीय ना? मग झालं. आठ दिवस काम करू दे. माझ्या खिडक्या नीट केल्या की खोलीची किल्ली त्याची."

त्या दिवशी मास्तरांनी चहावाल्याला चक्क नमस्कार केला.

पाच दिवस सगळं सुरळीत गेलं. बहिरू सकाळी पिशवी घेऊन चालत वर जायचा, संध्याकाळी चालत यायचा, हत्यारं गोणपाटावर ओळीनं मांडायचा, मास्तर मोजायचे. जेल सुटून इतकी वर्षं झाली तरी मास्तरांच्या वर्कशॉपात मोजणं सुटलं नव्हतं. सहाव्या दिवशी रविवार होता. बंगल्यावर साधनाबाईंकडे आमरसाचं जेवण होतं, पुण्याहून वीसेक पाहुणे आले होते. बहिरूला सुट्टी घे म्हटलं तर तो म्हणाला, खिडकीची एकच झडप राहिलीय, मागल्या अंगाला बसून करतो, कुणाला दिसायचो न्हाई.

दुपारी तीनला मास्तरांचा फोन वाजला. साधनाबाईंचा आवाज चिरकला होता. "मास्तर, आधी इकडे या. तुमच्या माणसानं आम्हाला कोंडून ठेवलंय."

मास्तर स्कूटर दामटत वर गेले. वाटेत त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिण्यात अर्थ नाही. वर जाऊन पाहतात तो बंगल्याचं लोखंडी गेट साखळीनं आतून बांधलेलं, आणि गेटला पाठ लावून बहिरू उभा. समोर फरशीवर गोणपाट, त्यावर हत्यारं ओळीनं. पलीकडे पाहुणे उभे, कुणाच्या हाताला अजून आमरस, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. एक गृहस्थ मोबाईलवर पोलिसांचा नंबर शोधत होते. मास्तरांना पाहून बहिरूचा चेहरा उजळला. चोख काम केलेल्या माणसाचा उजळावा तसा.

"मास्तर, अकरा नंबर कमी हाय," त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं. "पटाशी. दोनदा मोजली, गिनती जुळंना. तवापास्नं एकालाबी भायेर सोडलं न्हाई. बायामाणसं हायेत म्हून झडती तेवढी घेतली न्हाई. तुमची वाट बघत व्हतो."

कारखान्यात याच शब्दांत, याच आवाजात मास्तरांना शेकडो वेळा वर्दी मिळाली होती, आणि दर वेळी ते म्हणाले होते, शाब्बास.

"अरे, ती का?" गर्दीतून निरंजन, म्हणजे साधनाबाईंचा जावई, पुढे आला. "मी घेतली होती. बर्फाची लादी फोडायला काही सापडेना, मग ती उचलली." बर्फाच्या टोपाशेजारून त्यानं पटाशी आणून दिली. धारेचा एक कोपरा उडालेला होता. माफी वगैरे मागावी असं त्याला वाटलं नाही. उलट एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा तमाशा, असं काहीतरी तो पुटपुटला.

मास्तरांना त्या जावयाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण ज्याच्यावर ओरडता येतं त्याच्यावरच माणूस ओरडतो. ते बहिरूवर ओरडले.

"अक्कल गहाण ठेवलीस का रं? जेल हाय का हे? पावण्यांना रांगेत उभं करतोस? आठ म्हैनं मी लोकांच्या पायऱ्या झिजवल्या त्या ह्याच्यासाठी?"

बहिरूनं दोन्ही हात पाठीमागं घेतले, मान खाली घातली. "मास्तर, तुमचाच नियम हाय," तो हळूच म्हणाला. उलट उत्तर म्हणून नाही. त्याला खरंच काय चुकलं ते समजत नव्हतं.

पाहुणे गेले. साधनाबाईंनी मास्तरांना व्हरांड्यात बसवलं. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं; भांडता तरी आलं असतं. पण बाई समजुतीनं बोलत होत्या, आणि समजुतीनं बोलणाऱ्याशी भांडायला मास्तरांना कधीच जमलेलं नाही.

"त्याची चूक नाही, मला कळतंय. निरंजनशी मी बोलेन. पण मास्तर, माझ्या विहीणबाईंना त्यानं पाऊण तास उन्हात उभं केलं. उद्या सगळ्या सोसायटीत बोभाटा होणार. मी एकटी कुणाकुणाला समजावू? कामाला येऊ दे त्याला, माझी ना नाही. खोलीचं मात्र राहू द्या."

"दिवसा चालतो, रात्री चालत नाही," मास्तर म्हणाले. "सगळे असंच म्हणतात बाई. काम गोड लागतं, माणूस नको. तो झोपेल कुठं, याचा विचार कुणीच करायचा नाही का? माझ्या एकट्याचा ठेका आहे?"

साधनाबाई म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका. तुमच्या घरामागं पाच खोल्या आहेत ना? मी पाहिल्यात. त्यातली एक त्याला का नाही दिलीत?"

होत्या. पाचच होत्या. हे आधी का नाही सांगितलं, असं तुम्ही म्हणाल. पण मास्तरांनी ते स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. पिरंगुटच्या कंपन्यांत जाणारी पोरं तिथं भाड्यानं राहायची. आठ महिने गावंच्या गावं पालथी घातलेल्या माणसाला स्वतःचं परसदार दिसलं नव्हतं.

"घरात बायको आहे," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "ती तयार व्हायची नाही."

हे बोलून ते उठले, बहिरूला मागं बसवलं आणि उतारावरून स्कूटर अशी सोडली की बहिरूनं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. त्याला वर्कशॉपात सोडून मास्तर घरात शिरले तेच कुरकुरत. नलिनीबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"त्या बाईची हिंमत बघ! म्हणती, तुमच्या खोल्या हायेत, त्यातली द्या. मी म्हनलं, आमच्या घरातनं चालायचं न्हाई. तुला चालणार हाय का?"

नलिनीबाईंनी सूप खाली ठेवलं. "अवं, मला इचारलंत कवा?"

"म्हंजे?"

"आठ म्हैनं तो बाबा माझ्या हातचं जेवतोय. माझ्या देव्हाऱ्याचं दार त्यानं केलं. दोन नंबरची खोली पाडव्यापास्नं मोकळी हाय. मला वाटायचं, आज म्हणताल, उद्या म्हणताल. तुमी भुकूमला खोली बघाया जायाचा, मी मागं त्या मोकळ्या खोलीत झाडू मारायची. शेवटी म्हनलं, जेलातल्या मान्साला जेलातली मान्सं जास्ती ठावं, ह्यांना काय तरी दिसत आसंल."

काय दिसत होतं ते मास्तरांना आता कळलं, आणि ते बहिरूमध्ये नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी या माणसांना शिकवलं, जीव लावला, पण रोज सहाच्या ठोक्याला मधे एक भिंत पडायची आणि त्या भिंतीच्या भरवशावर ते निर्धास्त झोपायचे. भिंतीच्या याच बाजूला, आपल्याच अंगणात, त्यांच्यातलं कुणी झोपेल, याची त्यांना भीती वाटत होती. अकरा घरमालकांना वाटली तीच. ते अकरा निदान तोंडावर तरी बोलले होते. मास्तरांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी उगाच नलिनीबाईंना, "सांगायचं न्हाई व्हय मग!" म्हणून सुनावलं, खुंटीवरची किल्ली ओढली आणि बाहेर पडले.

दिवस मावळायला आला होता. बहिरू वर्कशॉपात तेलाच्या दगडावर ती कोपरा उडालेली पटाशी घासत बसला होता. बाकीची हत्यारं मोजणीसाठी मांडून तयार होती.

"चल, अंथरूण घे," मास्तर दारातूनच म्हणाले. "दोन नंबरची खोली तुझी."

बहिरूनं वर पाहिलं. आनंद नाही, आश्चर्य नाही. "दोन नंबरची व्हय? तिची कडी जरा कडक हाय. वर उचलून सरकवावी लागती."

"तुला कसं ठावं?"

"मीच बसवलीया न्हवं. दिवाळीच्या आदुगर. पाचीच्या पाची खोल्यांना."

मास्तरांना आठवलं. भाडेकरू पोरांनी तक्रार केली होती, आतल्या कड्या गंजल्यात म्हणून. बहिरूनं दोन दिवसांत सगळ्या नव्या बसवल्या. मास्तरांनी एकेक कडी लावून काढून पाहिली, त्या पोरांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि संध्याकाळी त्याच्यावर शटर ओढलं. बहिरू हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हता. केलेल्या कामाची माहिती द्यावी तसा सांगत होता, आणि तेच मास्तरांना सहन होईना.

दोघं खोल्यांकडे आले. मास्तरांनी कुलूप काढलं, दार ढकललं, दिवा लावला. बहिरू अंथरूण काखेत धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. उभाच राहिला.

"आत जा की लेका! आता काय शिपाई बोलवू?"

तो आत गेला. दार लागलं. आतून कडी वर उचलून सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजापाठोपाठ दुसरा आवाज आला, तो बाहेरून. मास्तरांचा हात आपसूक वर गेला होता आणि त्यानं बाहेरची कडी घातली होती. दार बंद झालं की कडी घालायची, हे त्या हाताला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"बहिरू!" मास्तर थिजून म्हणाले. "भायेरनं कडी लागली रं. चुकून."

"आसू द्या, मास्तर."

"आसू द्या म्हणू नगंस!" मास्तर किंचाळले. शेजारच्या खोलीतली पोरं डोकावून पाहू लागली. "दार बडव! शिव्या घाल मला! आसू द्या काय म्हणतोस?"

मास्तरांनी कडी काढली, वर्कशॉपातून स्क्रूड्रायव्हर आणला आणि अंगणातल्या बल्बच्या उजेडात ती बाहेरची कडी कोयंड्यासकट उपसून काढली. चारही स्क्रू खिशात घालून, मोठी कामगिरी केल्यासारखे ते घरात आले. नलिनीबाई दारातून सगळं पाहत होत्या.

"ते सगळं ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पण उद्या कामाला जाताना त्यानं कुलूप कशाला लावायचं?"

मास्तर कपाळाला हात लावून खाली बसले.

सकाळी बहिरूनं स्वतःच ती कडी परत बसवली, चारही स्क्रू घट्ट पिळले, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावून तो मास्तरांच्या ओट्याशी आला आणि किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"ही मला कशाला?" मास्तर म्हणाले.

"रोज तुमच्याकडंच ऱ्हाती न्हवं किल्ली."

"खिशात ठेव."

बहिरू किल्ली तळहातावर घेऊन तसाच उभा राहिला. खिशाकडं हात जाईना. "हरवली तर, मास्तर?"

"हरवू दे," मास्तर म्हणाले. "तुझी हाय, तूच हरव."